जवायाच्या पिशवीतली भाकर

“बाटली कुठं आहे ते सांगा, जवाईबापू! नाही सांगत? मंग मीच काढतो!”

बाबांनी आमच्या अंगणात साधं खाकरलं तरी बोरी अरबच्या बाजारातली बकरी दचकायची. त्या दिवशी तर ते ओरडत होते. समोर पंगत बसलेली. अधिक महिना, धोंड्याचं जेवण. ताईच्या लग्नानंतरचा तो पहिलाच अधिक, त्यामुळे जावयाला पाट, पाटाभोवती रांगोळी, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि पानात पुरण भरलेले गव्हाचे धोंडे. एकेक धोंडा एवढा की दोघांनी उचलावा. भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, अर्धा धोंडा मोडून खाल्ला आणि हात आखडता घेतला. पुरे म्हणाले. आईनं आग्रह केला, काकूनं शपथ घातली, पण ते पानाकडं बघत बसून राहिले. एवढ्यावर बाबा उठले, खुंटीवरची भाऊजींची कापडी पिशवी काढली आणि ओसरीवर उलटी केली.

एक टॉवेल पडला. एक सदरा, एक कंगवा. मग एक फडक्याची गाठोडी. बाबांनी ती अशा चेहऱ्यानं सोडली की जणू गावठी दारूची अख्खी भट्टीच आत सापडणार. आत निघाल्या दोन जवारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी.

बाटली निघाली असती तर फार बरं झालं असतं. दारूड्याशी कसं वागायचं हे बाबांना तोंडपाठ होतं. दारूबंदीच्या मोर्चात बाया पुढं असायच्या आणि बाबा त्यांच्याही पुढं. त्यांनी अर्ध्या तालुक्याला शपथा घातल्या होत्या, त्यातला अर्धा तालुका पुन्हा प्यायला लागला होता आणि बाबांनी त्याला पुन्हा शपथ घातली होती. पण जावई धोंड्याच्या जेवणाला येतो आणि घरून भाकर बांधून आणतो, याला काय शपथ घालणार? असा गुन्हा आमच्या मुलखात तोवर कुणी केलाच नव्हता.

“माह्या घरी भाकर बांधून आणता?” बाबांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो खाली आला की आम्हाला जास्त भीती वाटे. “मले भिकारी समजता काय?”

“तसं नाही, मामाजी,” भाऊजी म्हणाले. “मले गहू सोसत नाही. पोळी खाल्ली का पोट बिघडते.”

“गहू सोसत नाही, अन् दारू सोसते?”

सगळी पंगत हसली. मीही हसलो. गहू सोसत नाही हे वाक्यच आमच्या कानाला चमत्कारिक होतं. आमच्याकडं जवारी ही रोजची, कामाची, घामाची. गहू पाहुण्याचा, सणाचा, आजाऱ्याचा. बाळंतिणीला गव्हाची खीर, तापातून उठलेल्याला दलिया, लिव्हर बिघडलेल्याला तर हमखास गव्हाचा कोरडा फुलका, बिनतेलाचा. सोन्याची अॅलर्जी आहे म्हणून कुणी दागिने नाकारले असते तर आम्ही जेवढे हसलो असतो तेवढे हसलो.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, “बाबा, ते पेत नाहीत.”

“प्रत्येक पेणाऱ्याची बायको हेच म्हणते, माय,” बाबा म्हणाले.

आता या बाटलीचा शोध कुठून निघाला ते सांगतो. भाऊजी फुलसावंगीकडचे. पंपाच्या मोटारी बांधून द्यायचे. जळालेली मोटार त्यांच्यासमोर ठेवली की नुसतं त्यांना बघूनच ती थरथरायला लागायची, असं मी कॉलेजात पोरांना सांगत असे. लग्नात माणूस उभा होता तो चांगला खांबासारखा. त्यांच्या घरी जवारीच खात. बैलांना कडबा पाहिजे म्हणून त्यांच्या आईनं सगळं रान कपाशीला दिलं तरी एक तुकडा जवारीला राखलेला. बाकी गावात तोवर कपाशी घराच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. आणखी थोडी ओल असती तर लोकांनी डोक्यावरच्या टोपीतही सरकी टोबली असती. खाण्यापुरती जवारी पेरणं हे मागासपणाचं लक्षण झालं होतं.

लेकीला उन्हाळ्यात चुलीपुढं भाकरी थापाव्या लागू नयेत, म्हणून बाबांनी लग्नापासूनच तिच्याकडं गहू पाठवायला सुरुवात केली. आमच्या विहिरीखाली एक तुकडा होता, तिथला गहू. बाबांना त्याचा असा अभिमान की रेशनच्या गव्हाची पोळी त्यांना कागदासारखी लागे आणि ते तसं कागदासारखी फाडूनही दाखवत. पोतं एसटीच्या टपावर चढायचं, पुसदला दुसऱ्या गाडीवर जायचं आणि फुलसावंगीकडं उतरायचं. पोत्यामागून पोतं. ताई तिथं सकाळ-संध्याकाळ पोळ्या लाटायची. सासू म्हणायची, आमच्या सुनेनं घराला पोळी दाखवली.

आणि जावई वाळत चालला. हातापायांच्या काड्या, पोट तेवढं ढोलासारखं पुढं. पायांवर सूज. मोटारीची तार गुंडाळता गुंडाळता दम लागायचा. दिवसातून किती वेळा लोटा घेऊन जातात याची चर्चा त्यांच्या गावात हवामानासारखी होऊ लागली. लहानपणीही सणाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं पोट बिघडायचं म्हणे, पण तेव्हा त्यांची आई म्हणायची पुरण बाधलं. आता रोजच सण होता.

यवतमाळच्या एका डॉक्टरकडं मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस, पण बाहेरचा व्हरांडा असा भरलेला की एका रोग्याला त्यानं श्वास घ्यायला सांगितलं की तो सोडायला दुसऱ्याची पाळी यायची. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली. लिव्हरला सूज, लिव्हरचे आकडे चढलेले. डॉक्टरनं चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, किती पिता? भाऊजी म्हणाले, पीत नाही. डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, मला तर कधी दिसलं नाही. डॉक्टर म्हणाला, दिसेल असं कोण पितो?

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात आजारी पडायला दोनच कारणं मान्य होती, कपाशी किंवा दारू. बोंडं अळी खायची, भाव व्यापारी खायचा, आणि रोज कुठली तरी पांढरी गाडी गावात शिरून विचारायची, इथं कुणी जिवाचं काही करून घेतलं का हो? माणूस साध्या म्हातारपणानं मेला तरी शेजारी म्हणत, तसं दाखवत नव्हता पण कपाशीनंच नेला. तिसऱ्या कारणाला कुणाकडं जागाच नव्हती. भाऊजींची मोटारींची कमाई बरी होती, म्हणजे कपाशी नव्हे. मग उरलं काय?

डॉक्टरनं पथ्य लिहून दिलं. तेल बंद, तिखट बंद, दारू तर बंदच बंद. पचायला हलकं खा, फुलका, दलिया, बिस्किट. घरी आल्यावर बाबांनी ते ऐकलं आणि पुढच्या आठवड्यात गव्हाचं एक पोतं जास्त पाठवलं.

तर ही गोष्ट धोंड्याच्या आधीची. त्या जेवणाच्या दिवशी भाऊजींनी त्या भाकरी परत फडक्यात बांधल्या, बाबांच्या पाया पडले आणि निघाले. ताईही निघाली होती. बाबा दारात आडवे आले. म्हणाले, जवायाची दारू सुटेपर्यंत लेक पाठवत नाही. ताईनं आईकडं बघितलं, आईनं चुलीकडं. भाऊजी एसटीत एकटेच बसले. मी त्यांना सोडायला गेलतो. खिडकीतून म्हणाले, “तुम्ही तरी सांगा त्यायले.” मी म्हणालो, सांगतो. काय सांगणार होतो देव जाणे. मला स्वतःलाच काही माहीत नव्हतं.

ताई आमच्याकडं राहिली म्हटल्यावर पोती थांबली. भाऊजींच्या आईनं पुन्हा भाकरी थापायला घेतल्या. आणि तीनेक महिन्यांत माणूस सुधारला. सूज उतरली, दम गेला. तिकडून येणारा जाणारा सांगायचा की जावई आता सायकलवर मोटार बांधून घाट चढतो. मी त्यात माझ्याकडून आणखी एक मोटार आणि एक घाट घातला.

यावर कुणी विचार केला नाही असं समजू नका. विचार सगळ्यांनीच केला, आणि प्रत्येकजण पार शेवटपर्यंत जाऊन पोहोचला. बाबा म्हणाले, धाक बसला, दारू सुटली. भाऊजींच्या आईनं निरोप धाडला की सून गेली आणि घर निरोगी झालं, तेव्हा तिच्या हातात काय आहे ते तिच्या माहेरच्यांनीच तपासावं. तिकडच्या एका जाणत्यानं नारळ फिरवून करणीचं निदानही करून टाकलं. आमच्या काकूचं मत पडलं की बायको दूर राहिली की बऱ्याच पुरुषांची तब्येत सुधारते, काकाला विचारा. एवढी सगळी डोकी चालली, पण पोतं थांबलं हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. ज्यानं ते पाठवलं होतं त्याच्या तर नाहीच नाही. आपण प्रेमानं दिलेली वस्तू संशयाच्या यादीत कोण घालतो?

ताई मात्र त्या दिवसांत हळूहळू वाळत होती, आणि तिला काहीच आजार नव्हता. दुपारी कापूस वेचायला बायांबरोबर जायची, संध्याकाळी रस्त्याकडं तोंड करून गहू निवडत बसायची. बाबांना दर आठ-पंधरा दिवसांनी म्हणायची, ते पेत नाहीत. बाबा म्हणायचे, आता पेत नसतील, चांगलंच आहे.

शेवटी बाबांनीच पाऊल टाकलं. जावई सुधारला, आपला धाक कामी आला, आता गोड करून टाकू, असं ठरवून त्यांनी दोन्हीकडच्या माणसांना मारुतीच्या पारावर बोलावलं. वरण-रोडग्याचं जेवण. रोडगे भाजायला गोवऱ्यांचा हार, म्हणजे पेटती रांग, एवढा लांब लावला की त्याच्या धुरानं तालुक्यात दुपारीच दिवे लागले. गव्हाच्या जाड्या पिठाचे रोडगे, त्यात तूप. भाऊजींच्या पानात बाबांनी स्वतःच्या हातानं रोडगा फोडला, वाटीभर तूप ओतलं आणि समोर उकिडवे बसले.

मी शेजारीच होतो. भाऊजींनी रोडग्याकडं बघितलं, मग बायांच्या पंगतीत वाढत असलेल्या ताईकडं बघितलं. त्या वेळी त्यांच्या पिशवीत काही नव्हतं, पिशवीच नव्हती. त्यांनी खाल्लं. एक संपल्यावर बाबांनी दुसरा घातला, तोही खाल्ला. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी ताई सासरी गेली, आणि तिच्यासोबत, अर्थात, नव्या गव्हाचं पोतं.

पुढचं सांगायला मला कधीच रंग चढवता आला नाही. पोळीला नाही म्हटलं की बाटलीचा संशय, म्हणून भाऊजी पोळी खात राहिले, आणि पावसाळा सरायच्या आत पुन्हा अंथरुणाला लागले. पुन्हा रक्त तपासलं, लिव्हरचे आकडे पहिल्यापेक्षा वर. बाबांनी तो कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाले, परत सुरू केली. भाऊजींच्या आईनंही तेच वाक्य म्हटलं, फक्त सुनेच्या करणीबद्दल. दोन्ही घरांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं की हा संसार मोडावा.

फारकतीची बैठक भाऊजींच्या अंगणात बसली. चार शहाणे इकडचे, चार तिकडचे. भाऊजींना बाजेवर बसवून आणलं होतं. कुणीतरी त्यांना विचारलं, काही म्हणायचं आहे का? ते म्हणाले, “मी सांगून थकलो.” मग ताईला विचारलं. तिनं मान खाली घातली आणि काही बोलली नाही. बैठकीनं त्याचा अर्थ होकार असा लावला. इतकी वर्षं झाली, मी त्या गप्प राहण्याकडं फिरून फिरून जातो आणि प्रत्येक वेळी मला त्यात दुसरंच काही सापडतं. पण त्या दिवशी मीसुद्धा होकारच ऐकला होता, कारण तो ऐकला की आम्हाला घरी जायला मिळणार होतं.

दोन वर्षांनी बाबांनी ताईचं दुसरं घर केलं. केळापूरकडं. माणूस बिजवर, पण निर्व्यसनी. बाबांनी एवढंच बघितलं होतं. तो खरंच सुपारीही खात नव्हता. बोलतही फारसा नव्हता. ताईला तिथं खाण्यापिण्याचं काही कमी नव्हतं.

आणि मग, बरीच वर्षं गेल्यावर, पुसदच्या बसस्टँडवर एका माणसानं मला मागून “साळेबुवा” म्हणून हाक मारली. मी वळलो. समोर एक गृहस्थ, गाल वर आलेले, मनगट माझ्या पोटरीएवढं. हे मी वाढवून सांगत नाही. वाढवायची गरजच नव्हती. आवाजावरून ओळखलं आणि माझ्या हातातला चहा कपातल्या कपात थंड झाला.

आम्ही बाकावर बसलो. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी मोटारीचा बिघाड सांगावा तसं. फारकतीनंतरही डॉक्टरच्या पथ्याचा दलिया आणि बिस्किटं चालूच होती, त्यावर ते आणखी खालावले, मग कुणीतरी नागपूरला नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तोवर सगळ्यांनी त्यांना काय पिता ते विचारलं होतं. तिनं विचारलं, काय खाता? काय खाल्लं की बरं वाटतं? ते म्हणाले, भाकर. आणि कशानं बिघडतं? ते म्हणाले, सासरच्या जेवणानं. ती हसली नाही. तिनं रक्ताची एक वेगळीच तपासणी केली, तोंडातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढला आणि सांगितलं, सीलिॲक. काही लोकांच्या शरीराला गव्हातलं चिकट सत्त्व शत्रू वाटतं. ते पोटात गेलं की शरीर आपल्याच आतड्यावर तुटून पडतं. आतडं झिजतं, अन्न अंगी लागत नाही, आणि त्याच भांडणात कधी कधी लिव्हरही सुजतं. थेंबभर दारू न पिता. गहू सोडला की बहुतेकांचं लिव्हर आपोआप ताळ्यावर येतं. वेळेवर सोडला तर.

“वेळेवर सोडला का?” मी विचारलं.

“थोडा उशीर झाला,” ते म्हणाले. “लिव्हरवर जरासे वण राह्यले. पण आकडे आता बरोबर आहेत.”

घरात गहू आणतच नाहीत म्हणाले. मैदा नाही, रवा नाही, शेवया नाहीत. बाजारातल्या हिंगात पीठ असतं म्हणून हिंगही नाही. दुसरं लग्न झालंय, एक मुलगी आहे, तिचंही रक्त तपासून घेतलं, कारण हे घराण्यातून उतरू शकतं. मग त्यांनी बाबांची तब्येत विचारली, आईची विचारली, आमच्या विहिरीच्या पाण्याची विचारली. एकाच माणसाचं विचारलं नाही. गाडी लागली तसे उठले आणि गेले.

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, ओरडतील. म्हणतील, डॉक्टरांना काय कळतं. ते भिंतीला टेकून बसले होते, तसेच बसून राहिले. एवढंच म्हणाले, “रोडगा माह्याच हातानं फोडला होता ना रे मी?” मी हो म्हणालो. रंगवून सांगायची मला आयुष्यभराची सवय होती, पण तिथं जीभ वळली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केळापूरला न्यायला लावलं. रस्ताभर मनात भाषण जुळवत होते, ओठ हलत होते. मोर्चासमोर बोलणारा माणूस, तासभर बोलला असता. ताईच्या दारात पोहोचले, तर भाषण विसरले. ती पडवीत तुरीची डाळ पाखडत होती. घरात आणखी कुणी नव्हतं. आम्हाला अवेळी बघून ती सूप ठेवून उठली. पाणी आणलं. बाबांनी तांब्या हातातच धरून ठेवला.

मग ते एकदम बोलायला लागले. तो पेत नव्हता, पोरी, म्हणाले. गव्हाचा आजार होता त्याले. गहू मी पाठवत होतो. तुह्या संसारात मीच विष धाडलं, पोतं पोतं धाडलं, अन् तुले ओढून आणलं बी मीच. रडत होते, आणि रडताना त्यांचा तो आवाज एवढासा झाला होता की मला पुढं वाकून ऐकावं लागत होतं. आजाराचं नाव त्यांना सांगता येईना, ते मी सांगितलं. लिव्हरचं सांगितलं, नागपूरचं सांगितलं, बसस्टँडवर कसे भेटले तेही सांगितलं.

ताईनं सगळं ऐकून घेतलं. पदरानं हाताचा कोंडा पुसला. एका बोटाचा राहिला होता, तोही पुसला.

“आता बरे आहेत ना ते?” तिनं मला विचारलं.

मी म्हणालो, हो. चांगले भरलेत. गाल आलेत.

“मंग झालं,” ती म्हणाली.